तोतयाला ओळखायचे कोणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साकोलीतल्या एका सेवा केंद्रात काही कामासाठी बसलो होतो. धानविक्रीच्या नोंदणीचे दिवस होते, गर्दी होती. माझ्या शेजारी जवळच्या खेड्यातले एक वयस्कर शेतकरी होते. केंद्रातल्या मुलाने संगणकावरून त्यांचा सातबारा काढून हातात दिला. बाबाजींनी तो कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरून पाहिला आणि मला म्हणाले, "भाई, याच्यावर त शिक्काच नाही जी! हा चालन का?"

मुलाने समजावले, "बाबाजी, त्याच्यावर डिजिटल सही आहे, शिक्क्याची गरज नाही. खाली नंबर आहे. तो सरकारच्या वेबसाइटवर टाकला की खरा-खोटा समजते."

बाबाजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अन् ते वेबसाइट सरकारचीच आहे, हे कोन सांगन?"

मुलगा हसला. मला मात्र हसू आले नाही. ज्या प्रश्नावर जगातल्या हुशार माणसांनी पन्नास वर्षे डोके खपवले, तो प्रश्न या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने एका वाक्यात विचारला होता. कागद खरा आहे हे संकेतस्थळ सांगणार. संकेतस्थळ खरे आहे हे कोण सांगणार? आणि जो कोणी सांगेल, तो तरी खरा कशावरून? आज मी या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे. मी काही संगणकाचा माणूस नाही, शब्दांचा माणूस आहे. त्यामुळे मला आधी शब्द दिसतात, आणि या गोष्टीची सुरुवातही एका शब्दापासूनच होते.

तो शब्द म्हणजे शिक्कामोर्तब. आपण तो रोज वापरतो. मंत्रिमंडळाने निर्णयावर शिक्कामोर्तब केले, असे वर्तमानपत्रात वाचतो. या जोडशब्दात खरोखर दोन शिक्के आहेत. मराठा काळातल्या अधिकृत पत्राच्या डोक्यावर मुख्य मुद्रा उठवीत. छत्रपती शिवाजी महाराजांची संस्कृत राजमुद्रा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आसपासच्या दरबारांच्या मुद्रा फारशी असताना ती संस्कृतात कोरली गेली, हे तिचे वेगळेपण. पत्राच्या शेवटी, मजकूर संपला तिथे, दुसरी लहान मुद्रा उठे. तिला मर्यादामुद्रा म्हणत, मोर्तबही म्हणत. वरचा शिक्का सांगे की हे पत्र कोणाचे. खालचे मोर्तब सांगे की मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. लेखकाची ओळख आणि मजकुराची अखंडता, अशा दोन वेगळ्या गोष्टींची हमी दोन वेगळ्या मुद्रांनी दिलेली असे. आजच्या डिजिटल सहीलाही नेमकी हीच दोन कामे करावी लागतात. मजकुरातला एक काना जरी बदलला, तरी ती सही जुळत नाही.

पण मुद्रा शेवटी धातूची. चांगला कारागीर मिळाला तर तिची नक्कल होते. आपल्या पूर्वजांना हे माहीत होते, म्हणून महत्त्वाच्या कागदावर ते एकट्या मुद्रेवर विसंबत नसत. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. वादी-प्रतिवादींचे म्हणणे ऐकले जाई, साक्षी होत आणि निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. महजरावर हजर असलेल्यांची नावे असत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी काढत. पाटील नांगर काढी, न्हावी आरसा काढी, परीट मोगरी काढी. हे कागद पाहताना मला नेहमी भरून येते. ज्यांच्या हाती अक्षर नव्हते, त्यांच्या शब्दाला मात्र तिथे किंमत होती. निवाडा सर्वांसमक्ष झाला हीच त्याची खरी ताकद. मुद्रा चोरता येते; अख्ख्या गावाची आठवण चोरणे अवघड.

आता याच मराठी इतिहासातली एक गोष्ट सांगतो. साक्षीदारच फिरला तर काय होते, हे तिच्यात दिसते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. सदाशिवरावभाऊ रणात दिसेनासे झाले. त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका उरली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पती गेल्याचे अखेरपर्यंत मानले नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत, असे सांगितले जाते. ज्या घरातून माणूस गेला आणि त्याची माती हाताला लागली नाही, त्या घराचे कान दाराकडेच असतात. इथे तर अख्खा महाराष्ट्रच असा दाराकडे कान लावून बसला होता. अशा वेळी तोतया यायला किती वेळ लागतो? सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत तो पकडला गेला, चौकशीत तोतया ठरला आणि किल्ल्यावरच्या कैदेत पडला. तिथेच गोष्ट संपायला हवी होती.

ती संपली नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर तान्हे मूल, कारभार बारभाईंच्या हाती, इंग्रज दाराशी. अशा अस्थिर काळात, १७७६ मध्ये, रत्नागिरीच्या किल्ल्यातला हा कैदी बाहेर आला. त्याला कोणी बाहेर काढले? कोणी दरोडेखोराने नव्हे. पेशव्यांच्याच मामलेदाराने, रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून उभे केले. मग चमत्कार झाला. कालपर्यंत बेड्यांत असलेल्या माणसाभोवती हजारोंचे सैन्य जमले. कोकणातले एकामागून एक किल्ले त्याच्या ताब्यात गेले. तो घाट चढून पुण्याच्या रोखाने येऊ लागला. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे पळताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी या प्रसंगावर 'तोतयाचे बंड' नावाचे नाटकही लिहिले.

या गोष्टीत आपण सगळे तोतयाकडे पाहतो. मला मात्र मामलेदार महत्त्वाचा वाटतो. तोतया तर कैदेत असतानाही तोतयाच होता आणि 'मीच भाऊ' हेच म्हणत होता. तेव्हा एकही किल्ला त्याला मिळाला नाही. किल्ल्यांचे दरवाजे उघडू लागले ते सरकारी अधिकाऱ्याने 'होय, हेच भाऊ' म्हटल्यावर. प्रत्येक किल्लेदाराला काही भाऊसाहेबांचा चेहरा ओळखीचा नव्हता. पंधरा वर्षे उलटून गेली होती. पण पेशव्यांचा मामलेदार मानतो, म्हणजे त्यात काही तथ्य असणारच, असा हिशोब बहुतेकांनी केला असेल. लोकांनी विश्वास ठेवला तो तोतयावर नव्हे, त्याच्या जामीनदारावर.

माझ्या घरच्या परंपरेत या जामीनदारीला एक नाव आहे, आणि तेही मराठीने आपलेसे केलेले आहे. ते म्हणजे सनद. मराठीत सनद म्हणजे अधिकारपत्र. पण अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ टेकू, ज्यावर भार टाकून उभे राहायचे तो आधार. पैगंबरसाहेबांचे वचन किंवा आचरण सांगणारी जी नोंद असते, तिला हदीस म्हणतात. प्रत्येक हदीसच्या आधी एक साखळी येते. मी हे अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून, त्याने त्याच्या गुरूकडून, असे मागे मागे जात मूळ ऐकणाऱ्यापर्यंत. या साखळीला सनद म्हणतात. मजकूर कितीही सुंदर असो, साखळीतला एक दुवा कच्चा निघाला की ती हदीस जईफ, म्हणजे दुबळी ठरते. हे दुवे तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. कोण कुठे जन्मला, कोणाला भेटला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खोटे बोलल्याचे कधी आढळले का, याची चरित्रे लिहिली गेली. इसवी सन ८७० मध्ये वारलेल्या इमाम बुखारींचे नाव आज जगभर आदराने घेतले जाते, ते त्यांनी ही पारख कडकपणे केली म्हणून.

महजर, मामलेदार आणि सनद, या तीन गोष्टी आता मनात ठेवा. आपण पुन्हा बाबाजींच्या प्रश्नाकडे जाऊ.

तोतयाच्या बंडाला बरोबर दोनशे वर्षे झाली, त्या १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी गुप्त संदेशांबद्दल एक नवी कल्पना जगापुढे मांडली. तोवरची अडचण अशी होती की दोघांना गुपचूप बोलायचे असेल तर आधी दोघांकडे एकच किल्ली हवी, आणि ती किल्ली पोचवायची कशी, हाच प्रश्न. त्यांनी कुलूप आणि किल्ली वेगळी केली. समजा, एका बँकेने हजारो उघडी कुलपे बनवली आणि गावोगाव वाटून टाकली. किल्ली मात्र एकच, बँकेच्या तिजोरीत. मला बँकेला काही कळवायचे आहे. मी चिठ्ठी पेटीत ठेवतो, बँकेचे कुलूप दाबून लावतो, पेटी पाठवून देतो. वाटेत पेटी कोणाच्याही हाती पडली तरी हरकत नाही. दाबलेले कुलूप मलाही उघडता येत नाही. प्रत्यक्षात ही कुलपे आकड्यांची असतात, पण तत्त्व हेच.

आता यात तोतया कुठून शिरतो पाहा. मला जे कुलूप मिळाले ते बँकेचेच आहे कशावरून? वाटेत एखाद्या लबाडाने स्वतःचे कुलूप माझ्या हाती ठेवले आणि 'हे बँकेचे' म्हणून सांगितले, तर मी आपल्या हाताने माझे गुपित त्याला देऊन बसेन. कुलूप अगदी मजबूत असेल, फक्त ते चोराचे असेल. १९७८ मध्ये लोरेन कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सादर केलेल्या प्रबंधात यावर उपाय सुचवला. प्रत्येक कुलपाला एक चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर लिहा की हे कुलूप अमक्याचे, आणि त्या चिठ्ठीवर विश्वासू त्रयस्थाची सही घ्या. हीच ती सर्टिफिकेटची कल्पना. पुढे १९९० च्या दशकात इंटरनेटवर खरेदी-विक्री सुरू झाली, नेटस्केप या ब्राउझरने संकेतस्थळांसाठी ही पद्धत आणली, आणि १९९५ मध्ये व्हेरिसाइन ही अशा चिठ्ठ्या देणारी कंपनी उभी राहिली. चिठ्ठी देणाऱ्या अशा संस्थांना आज सर्टिफिकेट अथॉरिटी म्हणतात. आपल्याकडच्या कायद्याच्या मराठीत प्रमाणन प्राधिकारी. आपण त्यांना जामीनदार म्हणू.

हे जामीनदार संकेतस्थळाची पारख कशी करतात? मागणी करणाऱ्याला ते एक आडवातिडवा लांबलचक शब्द देतात आणि सांगतात, हा शब्द तुमच्या संकेतस्थळावर अमुक ठिकाणी ठेवून दाखवा, किंवा तुमच्या पत्त्याच्या नोंदीत घालून दाखवा. शब्द तिथे दिसला, तर त्या पत्त्याचा ताबा याच्याकडे आहे हे ठरते. शेत कोणाच्या वहिवाटीत आहे हे पाहायला तलाठ्याने 'उद्या त्या बांधावर लाल झेंडी लावून दाखव' म्हणावे, तसेच हे. वाटेत कोणी फसवू नये म्हणून अलीकडे ही झेंडी जगातल्या एकाहून अधिक ठिकाणांवरून पाहावी, असा नियम झाला आहे. मोठ्या कंपन्या आणि बँका अधिक वरच्या दर्जाचे सर्टिफिकेट घेतात. त्यासाठी संस्थेची कायदेशीर नोंदणीही तपासली जाते.

जामीनदाराची मूळ मुद्रा रोजच्या वापरात काढत नाहीत. ती इंटरनेटपासून तोडून, कुलूपबंद ठेवलेली असते. तिने काही दुय्यम मुद्रांना सही दिलेली असते आणि रोजची सर्टिफिकेटे त्या दुय्यम मुद्रांनी निघतात. म्हणजे पुन्हा सनदच आली. तुमचा ब्राउझर संकेतस्थळाचे सर्टिफिकेट पाहतो, त्यावर सही कोणाची ते पाहतो, त्या सहीला सही कोणाची ते पाहतो, आणि मागे मागे जात मूळ मुद्रेपर्यंत पोचतो. ही सगळी चौकशी आपण डोळ्याची पापणी लववतो तेवढ्यात पुरी होते.

आणि मूळ मुद्रा खरी हे कोणी सांगायचे? इथे साखळी संपते. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल, गूगल आणि मोझिला यांनी आपापल्या याद्या केल्या आहेत. कोणते जामीनदार मानायचे ते त्या याद्या ठरवतात, आणि याद्या आपल्या फोनमध्ये, संगणकात आधीच भरलेल्या येतात. काही डझन संस्थांची नावे त्यात असतात. त्यांनी दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणी करून घ्यायची असते. जामीनदार आणि ब्राउझरवाले यांचे एक मंडळ २००५ पासून आहे. ते मिळून नियम ठरवते. आपण त्या यादीवर कधी बोट ठेवलेले नसते, तरी रोजच्या रोज तिच्यावर भार टाकून उभे असतो.

हा भार पेलला नाही, तर काय होते ते २०११ मध्ये दिसले. नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाचा जामीनदार होता. तिथल्या सरकारचीही कामे त्याच्याकडे होती. त्या उन्हाळ्यात त्याच्या यंत्रणेत चोर शिरले आणि पाचशेहून अधिक खोटी सर्टिफिकेटे घेऊन गेले. त्यांत एक गूगलच्या नावाचे होते. ते इराणमध्ये वापरले गेले. सुमारे तीन लाख जोडण्यांवरून लोक आपली टपाले वाचत होते, पडद्यावर सगळे सुरक्षित दिसत होते, आणि मधे बसलेला कोणी ती वाचत असण्याची पुरी सोय झालेली होती. सरकारविरुद्ध एक वाक्य लिहिले म्हणून जिथे माणूस उचलला जाऊ शकतो, तिथे याचा अर्थ काय होतो हे मी सांगायला नको. सर्वांत वाईट गोष्ट अशी की चोरी झाल्याचे डिजिनोटारला जुलैतच कळले होते, पण त्याने जगाला सांगितले नाही. ऑगस्टमध्ये इराणमधल्या एका साध्या वापरकर्त्याला ब्राउझरने इशारा दिला, त्याने तो लोकांपुढे मांडला, तेव्हा बिंग फुटले. ब्राउझरवाल्यांनी डिजिनोटारचे नाव याद्यांतून खोडले आणि सप्टेंबरमध्ये त्या कंपनीचे दिवाळे निघाले. रत्नागिरीचा मामलेदार जाणूनबुजून फिरला होता. इथे जामीनदाराच्या घरात चोर शिरला. कारणे वेगळी, पण किल्ल्यांचे दरवाजे तसेच उघडले.

हे परक्या मुलुखातच घडते असे समजू नका. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याच कायद्याने प्रमाणन प्राधिकाऱ्यांवर देखरेख करणारा एक नियंत्रक नेमला. भारताची मूळ मुद्रा त्याच्याकडे आणि तिच्याखाली परवाना घेतलेल्या संस्था, अशी रचना झाली. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळले की गूगलच्याच नावाची काही अनधिकृत सर्टिफिकेटे फिरत आहेत आणि ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे आपल्या सरकारच्याच संस्थेच्या, मुद्रेने निघालेली आहेत. नियंत्रकाने लगेच त्या दुय्यम मुद्रा रद्द केल्या. केंद्राच्या सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच कोणी शिरकाव केला होता, असे चौकशीनंतर सांगण्यात आले. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारताची मूळ मुद्रा असल्याने विंडोजवर धोका होता. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना तो नव्हता, कारण त्याच्या यादीत ती नव्हतीच. पुढे गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये या मुद्रेचे क्षेत्र भारतातल्या मोजक्या पत्त्यांपुरते आखून दिले. आपण आपल्या मुद्रेचा अभिमान बाळगतो. तो बाळगावाच, पण मुद्रा जगाने मानायची असेल तर ती सांभाळावीही लागते.

मग उपाय काय? गंमत अशी की उपाय पुन्हा महजराचाच निघाला. २०१३ पासून एक पद्धत आकाराला आली. जामीनदाराने दिलेले प्रत्येक सर्टिफिकेट एका जाहीर वहीत नोंदवायचे. ही वही अशा रीतीने बांधलेली असते की मागचे पान फाडता येत नाही, मधे ओळ घुसडता येत नाही, आणि ती जगात कोणालाही वाचता येते. एप्रिल २०१८ पासून निघालेल्या सर्टिफिकेटांसाठी क्रोमने ही नोंद सक्तीची केली. माझ्या नावाने कोणी चोरून सर्टिफिकेट काढले, तर ते वापरण्याआधी त्याला चावडीवर वाचून दाखवावेच लागते. आता पहारा एकट्या नियंत्रकाचा नाही, सर्वांचा आहे. परटाच्या मोगरीला आणि न्हाव्याच्या आरशाला जो मान गोतसभेत होता, तोच मान इथे कोपऱ्यात बसून वही चाळणाऱ्या कोणाही तरुणाला आहे.

दुसरा उपाय मुदतीचा. पूर्वी सर्टिफिकेट काही वर्षे चाले. २०२० मध्ये ही मुदत ३९८ दिवसांवर आली. एप्रिल २०२५ मध्ये त्या मंडळाने ठरवले की ती टप्प्याटप्प्याने उतरवत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर आणायची. म्हणजे विश्वास एकदा दिला आणि विसरलो, असे नाही. तो पुन्हा पुन्हा मिळवायचा. खर्चाचा प्रश्न २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेने बराचसा सोडवला. तिने सर्टिफिकेटे सर्वांसाठी मोफत खुली केली. आणि तिसरा उपाय जबर दंडाचा. सिमँटेकसारख्या बलाढ्य कंपनीच्या मुद्रा २०१८ मध्ये याद्यांतून गेल्या, कारण सर्टिफिकेटे देण्यात तिच्याकडून हलगर्जी झाली होती. जुन्या सावकारी व्यवहारात शहाजोग नावाची हुंडी असे. तिचे पैसे कोणाही येरागबाळ्याला मिळत नसत, पेठेत पत असलेल्या शहाच्या हातूनच ती वटे. कारण पुढे हुंडी खोटी निघाली तर भरपाई त्या शहाकडून घेता येई. जामीन राहणाऱ्याचे स्वतःचे काही पणाला लागलेले असले, तरच तो डोळे उघडे ठेवतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी न सांगता हे भाषण संपवले तर माझ्यावर दोष येईल. पत्त्याशेजारचे कुलूप पाहून अनेकांना वाटते की हे संकेतस्थळ भले आहे. त्या कुलपाचा अर्थ तसा नाही. त्याचा अर्थ इतकाच की पत्त्यात जे नाव लिहिले आहे, त्याच नावाच्या जागेशी तुम्ही बोलत आहात आणि मधे कोणी ऐकत नाही. तोतयाने बँकेच्या नावात एक अक्षर बदलून स्वतःचा नवा पत्ता घेतला, तर त्या पत्त्याचे अगदी खरे सर्टिफिकेट त्यालाही मिळते. ओळख खरी, माणूस लबाड. लोक कुलपाचा चुकीचा अर्थ घेतात म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून दुसरी साधी खूण ठेवली. तेव्हा मोबाइलवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवण्याआधी पत्ता अक्षर अक्षर वाचा. सरकारी पत्ता शेवटी जीओव्ही डॉट इन असा संपतो का, ते पाहा. आणि ब्राउझरने लाल इशारा दिला, तर 'असू दे' म्हणून पुढे जाऊ नका. इराणमधला तो माणूस त्या इशाऱ्यापाशी थांबला, म्हणून चोरी जगाला कळली.

बाबाजींना त्या दिवशी मी काय उत्तर दिले? हे एवढे सगळे सांगणे शक्य नव्हते. मी केंद्रातल्या मुलाला म्हटले, पत्ता मोठ्या अक्षरात दाखव, मग नंबर टाक. नंबर टाकल्यावर पडद्यावर तोच सातबारा उमटला. गट क्रमांक, क्षेत्र, नाव, सगळे जुळले. बाबाजींनी हातातला कागद आणि पडदा, दोन्हींवरून बोट फिरवत ओळ न ओळ ताडून पाहिली. मागे रांगेत लोक चुळबुळ करू लागले, पण त्यांनी घाई केली नाही. मग कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "आता आपन पाह्यलं, म्हून खरं."

मला वाटते, विश्वासाच्या या सगळ्या लांबलचक साखळीचा शेवटचा दुवा तोच आहे. मुद्रा आली, मोर्तब आले, जामीनदार आला, जाहीर वही आली. तरी शेवटी कोणीतरी बोट ठेवून वाचणारा लागतो. किल्ल्याच्या दरवाजावर असा एक चिवट पहारेकरी उभा असता, तर १७७६ चा तोतया इतका लांब आलाच नसता.